शिक्षण संपलेल्या पोरांना पहिल्या नोकरीपर्यंत पोचवायचं कसं

हे मी पोरांसाठी लिहीत नाहीये, त्यांच्या आजूबाजूच्या मोठ्या माणसांसाठी लिहितेय. तुम्ही शिक्षक असाल, मावशी, काका, मोठा भाऊ असाल, किंवा एखाद्या संस्थेत अशा पोरांसोबत काम करत असाल, आणि समोर एक मुलगा किंवा मुलगी आहे जिची शेवटची परीक्षा जवळ आलीये किंवा होऊन गेलीये आणि पुढे नेमकं काय करायचं ते घरात कुणालाच धड माहीत नाही. अशा वेळी आपण सगळे एकच गोष्ट करतो, सल्ला देतो. इंग्लिश सुधार, कोर्स कर, कॉन्टॅक्ट वाढव, प्रयत्न करत राहा. पोर मान हलवतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन हातात घेऊन बसतं, मग आपण म्हणतो की ह्याला काही पडलेलीच नाही.

पडलेली असते हो. पंधरा-सोळा वर्षं त्याला कुणीतरी टाइमटेबल आखून दिलेलं असतं, कधी यायचं, काय वाचायचं, परीक्षा कधी, पास की नापास. ते सगळं एका दिवसात बंद होतं आणि आता रोज सकाळी उठून स्वतःच ठरवायचं, स्वतःच करायचं, आणि बरोबर चाललंय की चूक हे सांगायलाही कुणी नाही. हा प्रकार एकट्यादुकट्याचा पण नाहीये. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या आकड्यांप्रमाणे 2023 मध्ये जगातल्या 15 ते 24 वयाच्या मुलामुलींपैकी साधारण 20 टक्के जण ना शिकत होते ना नोकरीत होते ना कुठलं ट्रेनिंग घेत होते, आणि त्यात दर तिघांत दोन मुली होत्या. त्यामुळे पहिलं म्हणजे त्याच्या स्वभावाला दोष देणं थांबवा आणि शेजारी बसा. खाली जे काही लिहिलंय ते सगळं शेजारी बसून करायचं आहे, फोनवरून सूचना देऊन नाही.

कधी सुरुवात करायची

शेवटच्या परीक्षेच्या आधी. सहा महिने आधी जमलं तर उत्तम, कारण तोपर्यंत शिक्षक भेटत असतात, मित्र एकत्र असतात, कॉलेजची लॅब लायब्ररी हाताशी असते आणि 'सध्या शिकतोय' असं सांगितलं की अनोळखी माणूसही जास्त प्रेमाने बोलतो. परीक्षा आधीच होऊन गेली असेल तर आजपासून. युरोपियन युनियनने 2013 मध्ये युथ गॅरंटी आणली तेव्हा मुदत ठेवली होती 4 महिन्यांची, म्हणजे शिक्षण सुटल्यावर किंवा नोकरी गेल्यावर 4 महिन्यांत त्या तरुणाला नोकरी, पुढचं शिक्षण, अप्रेंटिसशिप किंवा ट्रेनिंग यापैकी काहीतरी चांगलं मिळायलाच हवं. सुरुवातीला हे 25 च्या आतल्यांसाठी होतं, 2020 मध्ये ते 30 पर्यंत नेलं. ही 4 महिन्यांची खूणगाठ मला घरच्या घरीसुद्धा कामाची वाटते. "बघू निवांत" म्हणता म्हणता वर्ष निघून जातं आणि मग प्रत्येक इंटरव्ह्यूत त्या रिकाम्या वर्षाचं उत्तर देत बसावं लागतं.

पहिलं बोलणं

"तुला काय व्हायचंय?" हा प्रश्न कृपा करून विचारू नका. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला त्याचं उत्तर नसतं आणि नाही हे कबूल करायची लाज वाटते. त्याऐवजी विचारा की गेल्या दोन वर्षांत कुठलं काम करताना वेळ कसा गेला कळलं नाही, कुठल्या कामाला सगळे तुलाच हाक मारतात, कुठलं काम कितीही पैसे दिले तरी नको वाटेल. आणि मग सरळ व्यवहाराचं बोला, कारण ते कुणी बोलतच नाही. घरी पैसे कधीपासून द्यावे लागणार आहेत? दुसऱ्या गावी जाता येईल का? रात्रपाळी चालेल का? घरात कुणाचं करावं लागतं का? मुलींच्या बाबतीत ह्या शेवटच्या प्रश्नावर जरा थांबा, कारण कितीतरी वेळा नोकरी शोधायला वेळच नसतो हे खरं कारण असतं आणि घरच्यांच्या ते लक्षातही आलेलं नसतं. तिथे सीव्हीच्या आधी घरच्या कामाची वाटणी बोलावी लागते, आणि ते बोलणं तिला एकटीला जड जातं, तुम्ही बोललात तर फरक पडतो.

त्याच बैठकीत कागदपत्रं पण काढायला लावा. सगळ्या सर्टिफिकेटवर आणि ओळखपत्रावर नावाचं स्पेलिंग एकच आहे का बघा, हे फार वेळा जुळत नाही आणि ऐन जॉइनिंगच्या वेळी गळ्याशी येतं. बँक खातं स्वतःच्या नावावर चालू आहे का. ईमेल आयडी साधा, स्वतःच्या नावाचा आहे का आणि त्याचा पासवर्ड आठवतोय का, हेही तिथल्या तिथे उघडून बघा. इंटरव्ह्यूचं बोलावणं चार दिवस मेलमध्ये पडून राहिलं आणि पोराने मेलच उघडला नव्हता, असं होतं.

जाहिराती एकत्र वाचा

एका प्रकारच्या कामाच्या, समजा अकाउंट्स असिस्टंटच्या, दहा जाहिराती काढा आणि दोघं मिळून वाचा. जो शब्द पुन्हा पुन्हा येतोय त्याच्याखाली रेघ मारायची. दहापैकी सात ठिकाणी एक्सेल असेल तर एक्सेल शिकायचं, दोन ठिकाणी एखादं भलतंच सॉफ्टवेअर असेल तर ते सध्या सोडून द्यायचं. कुठला कोर्स लावायचा ह्या प्रश्नाचं उत्तर असं मिळतं, क्लासवाल्याच्या जाहिरातीवरून नाही. आणि 'एक-दोन वर्षांचा अनुभव हवा' असं वाचलं की पोरं पुढे वाचतच नाहीत, त्यांना सांगा की बाकीच्या बऱ्याचशा गोष्टी जुळत असतील तर अप्लाय करायचंच, फार तर नाही म्हणतील. जिथे कायद्याने लायसन्स किंवा ठराविक डिग्री लागते तिथे मात्र हे चालत नाही.

सीव्ही, आणि तो कसा काढून घ्यायचा

सीव्ही तुम्ही लिहून देऊ नका. दिलात तर इंटरव्ह्यूत त्यातल्या ओळीवर प्रश्न आला की पोर गप्प होतं. प्रश्न विचारून त्याच्याकडूनच काढून घ्या. उदाहरणार्थ मुलीने लिहिलंय, "कॉलेजच्या वार्षिक कार्यक्रमात स्वयंसेवक म्हणून सहभाग". ठीक, पण यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. मग बोलणं असं होतं:

"तू नेमकं काय केलंस तिथे?"
"काही नाही, रजिस्ट्रेशनच्या टेबलावर बसले होते."
"किती लोक आले?"
"असतील तीनशे."
"गोंधळ झाला का काही?"
"हो ना, दोन वेगवेगळ्या याद्या होत्या, नावं जुळत नव्हती, रांग लागली. मग मी सगळी नावं एका शीटमध्ये घेतली आणि बाकीच्या दोघांना शेअर केली, मग पटापट झालं."

हेच लिहायचं की! "सुमारे 300 जणांच्या रजिस्ट्रेशनचं काम तिघांनी मिळून सांभाळलं, न जुळणाऱ्या दोन याद्या एका शेअर्ड शीटमध्ये आणल्या." आता ह्या ओळीत संख्या आहे, अडचण आहे, तिने काय केलं ते आहे, आणि इंटरव्ह्यूत विचारलं तर ती पाच मिनिटं आरामात बोलू शकते कारण ते खरंच घडलंय. असंच घरच्या धंद्याचा हिशोब ठेवणं, लहान मुलांच्या शिकवण्या घेणं, आजारी माणसाची औषधं आणि डॉक्टरच्या तारखा सांभाळणं, टीमचं सामान आणि वर्गणी बघणं, हे सगळं काम आहे आणि ते लिहायचं. "मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेयर" ही ओळ काढून टाका, ती सगळ्यांच्या सीव्हीत असते आणि कुणीच वाचत नाही. एक पान बास. अक्षरं वाचता येतील एवढी मोठी, आणि पीडीएफच्या फाइलला त्याचं स्वतःचं नाव, 'न्यू फायनल टू' असं काहीतरी नको.

शिफारसपत्र मागायला लावा

हे पाऊल सगळ्यात जास्त सुटतं आणि मला ते सगळ्यात जास्त कळकळीने सांगावंसं वाटतं. ज्याने त्या पोराचं काम पाहिलंय अशा कुणाकडूनही, सुट्टीत काम केलं तिथले मालक, प्रोजेक्टचे सर, स्वयंसेवी कामातल्या ताई, चार ओळींचं पत्र घ्यायचं. दक्षिण आफ्रिकेत ह्यावर प्रयोग झालाय आणि तो 2020 मध्ये छापून आला. अर्जासोबत आधीच्या मालकाचं पत्र जोडलं तर बोलावणं येण्याचं प्रमाण 60 टक्क्यांनी वाढलं, आणि ज्या बायकांनी असं पत्र मिळवलं त्यांच्यात नोकरी लागण्याचं प्रमाण दुपटीवर गेलं. आणि तरीही अशी पत्रं कुणी फारशी जोडत नव्हतं. पत्राचा एवढा उपयोग का होतो त्याचं कारण सोपं आहे, मालकाला समोरचं पोर अनोळखी असतं, मार्कलिस्टवरून वेळेवर येतं का, पैशाला हात लावत नाही ना, शिकवलेलं लक्षात ठेवतं का, हे कळत नाही. ते सांगणारा एक तिसरा माणूस मिळाला की त्याची भीती कमी होते.

पत्र मागताना "सर एक लेटर द्या ना" एवढंच म्हटलं तर मिळत नाही, सरांना वेळ नसतो आणि काय लिहायचं सुचत नाही. म्हणून मुद्दे आपणच द्यायचे: किती काळ काम केलं, कुठलं काम, वेळेवर येणं, नवीन काम किती लवकर उचललं, आणि खाली त्यांचा फोन नंबर देऊ का एवढं विचारून घ्यायचं. मुद्दे खरेच हवेत, वाढवून चढवून लिहिलेलं पत्र एका फोनमध्ये उघडं पडतं.

ओळखी नाहीत म्हणणाऱ्यांसाठी

"आमची कुठे ओळख आहे" हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. पण कामाला येते ती बऱ्याचदा जवळची ओळख नसतेच. मार्क ग्रॅनोवेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये दाखवलं की ओळखीतून नोकरी मिळालेल्या माणसांपैकी बहुतेकांना ती अशा कुणाकडून कळली होती ज्याला ते क्वचित, अधूनमधून भेटायचे. जेमतेम 17 टक्क्यांना नेहमीच्या उठबशीतल्या माणसाकडून कळली. पुढे 2022 मध्ये लिंक्डइनच्या, म्हणजे कामाच्या ओळखी जोडायच्या वेबसाइटच्या, 2 कोटी लोकांवरचा प्रयोग छापून आला, त्यातही फार जवळच्यांपेक्षा थोड्या लांबच्या ओळखीच जास्त उपयोगी ठरल्या. जवळच्या माणसाला जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीतच असतं, नवीन बातमी लांबून येते.

म्हणून पोरासोबत बसून वीस नावांची यादी करा. वरच्या बॅचचे सिनियर, शेजाऱ्यांची मुलगी जी तीन वर्षांपूर्वी नोकरीला लागली, आईची जुनी मैत्रीण, जुने शिक्षक. ह्यांच्याकडे नोकरी मागायची नाही, पंधरा मिनिटं मागायची. मेसेज साधारण असा:

"नमस्कार ताई, मी अमुकचा धाकटा भाऊ, कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. तुम्ही अकाउंट्समध्ये आहात असं दादाकडून कळलं. ह्या कामात रोज नेमकं काय करावं लागतं आणि सुरुवातीला काय शिकून यावं हे तुमच्याकडून समजून घ्यायचं होतं. ह्या आठवड्यात पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का? तुमच्या सोयीच्या वेळी मी करेन."

नोकरी द्या म्हटलं की माणूस अवघडतो, माहिती विचारली की भरभरून बोलतो. फोनच्या शेवटी दोनच प्रश्न: अजून कुणाशी बोलू? आणि माझा सीव्ही एकदा बघाल का? बोलणं झाल्यावर त्याच दिवशी थँक्यूचा मेसेज, आणि महिन्याने 'तुम्ही सांगितलेलं हे शिकलो' एवढी एक ओळ. ती ओळ बहुतेक पोरं पाठवत नाहीत, तुम्ही आठवण करा.

पहिला फोन करताना तुम्ही शेजारी बसा पण बोलू नका. आवाज थरथरला तरी चालेल.

आठवड्याचा कागद

दक्षिण आफ्रिकेतलाच आणखी एक प्रयोग, 2019 चा. नोकरी शोधणाऱ्यांना त्यांनी आठवड्याचा प्लॅन कागदावर भरायला लावला, कुठल्या दिवशी, किती वाजता, काय करणार. प्लॅन करणाऱ्यांचे अर्ज 15 टक्क्यांनी वाढले आणि नोकरी लागण्याचं प्रमाण 26 टक्क्यांनी, आणि गंमत म्हणजे शोधायला दिलेले तास वाढले नव्हते, तेवढ्याच वेळात शोध जास्त नीट झाला.

तर रविवारी संध्याकाळी दहा मिनिटं बसायचं आणि लिहायचं. 'जॉब शोधणे' असं नाही लिहायचं, 'मंगळवार 11 ते 1, चार अर्ज, पैकी दोन थेट कंपनीच्या साइटवर' असं लिहायचं. 'बुधवारी सिनियरला फोन', 'गुरुवारी गेल्या आठवड्यातल्या अर्जांना फॉलोअप'. सगळे अर्ज एका शीटमध्ये: कुठे, कधी, कुठला सीव्ही पाठवला, पुढे काय झालं. पुढच्या रविवारी त्या शीटवरच बोलायचं. तीस अर्जांना एकही फोन आला नाही तर गडबड सीव्हीत किंवा निवडलेल्या जागांत आहे. फोन येतात पण इंटरव्ह्यूनंतर अडतं तर तिथे सराव कमी पडतोय. शीट नसेल तर हे कळतच नाही आणि मग "माझं नशीबच खराब" इथे गाडी येऊन थांबते. आणि घरच्यांना एक विनंती, जेवताना रोज "आलं का काही?" विचारू नका. रविवारी विचारा, ठरलेल्या वेळी.

इंटरव्ह्यूचा सराव

सराव मोठ्याने करायचा, मनातल्या मनात केलेला सराव मी धरत नाही. फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐकवा. प्रश्न तेच असतात, स्वतःबद्दल सांगा, हेच काम का, एखादी अडचण कशी सोडवली, आणि तुम्हाला काही विचारायचंय का. 'स्वतःबद्दल सांगा' वर पोरं जन्मगाव, घरातली माणसं, छंद असं सुरू करतात. त्यांना दीड मिनिटाचं उत्तर तयार करायला लावा: काय शिकलोय, त्यातलं काय हाताने केलंय (वरची रजिस्ट्रेशनची गोष्ट इथे येते), आणि तुमच्याकडचं हे काम का हवंय. शेवटच्या प्रश्नाला "नाही, काही नाही" म्हणू नये, "पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून काय अपेक्षा असेल?" एवढं विचारलं तरी पुरे.

ह्या सरावाचा उपयोग किती टिकतो? इथिओपियात अदिस अबाबामध्ये तरुणांच्या एका गटाला नोकरी शोधायला जायचा प्रवासखर्च दिला आणि दुसऱ्या गटाला सीव्ही, अर्ज, इंटरव्ह्यूचं वर्कशॉप आणि कौशल्यांचं सर्टिफिकेट. सुरुवातीला दोन्हीचा थोडा थोडा फायदा दिसला, पण 4 वर्षांनी बघितलं तर वर्कशॉपवाल्यांची कमाई चांगली वाढलेली होती आणि प्रवासखर्चाचा परिणाम ओसरला होता. अर्थात ज्याच्याकडे इंटरव्ह्यूला जायला भाडंच नाही त्याला भाडं द्याच, नुसता सराव करून तो तिथे पोचणार नाही.

नकार येतील तेव्हा

नकार आल्यावर समजूत घालण्यापेक्षा नकार यायच्या आधी त्याची तयारी करा. अमेरिकेत मिशिगनमध्ये बेकारांसाठी जॉब्स नावाचा पाच सत्रांचा कार्यक्रम तयार झाला, पुढे तो फिनलंडसारख्या देशांनीही घेतला, त्यात हा भाग मुद्दाम ठेवलेला आहे: काय काय बिघडू शकतं ते लोकांनी आधीच सांगायचं आणि प्रत्येकावर आपण काय करू तेही आधीच ठरवायचं. तुम्हीही विचारा, "तीन ठिकाणी इंटरव्ह्यू छान झाला आणि पुढे काहीच कळवलं नाही, तर तू काय करशील?" उत्तर कागदावर. एका आठवड्याने एक सभ्य मेल, मग त्या जागेवर शीटमध्ये रेघ आणि पुढचा अर्ज. पोर जर झोपत नसेल, जेवत नसेल, खोलीबाहेर येत नसेल तर मात्र अर्जांचं सगळं बाजूला ठेवा आणि डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे न्या.

फसवणुकीबद्दल थोडक्यात. नोकरी देण्यासाठी कुणी रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग डिपॉझिट, लॅपटॉपचे पैसे आगाऊ मागत असेल तर ती नोकरी नाही. ओटीपी कुणालाही नाही. मूळ सर्टिफिकेट ठेवून घेणाऱ्यांपासून लांब. हे पोरांना माहीत असतं असं आपण धरून चालतो, पण चार महिने नकार खाल्लेलं पोर पैसे भरून मोकळं होतं.

नोकरी लागल्यावर लगेच हात सोडू नका

ऑफर आली की सगळे सुटकेचा श्वास टाकतात, पण पहिले तीन महिने नाजूक असतात. ऑफर लेटर शांतपणे एकत्र वाचा: हातात किती येणार, कामाचे तास, प्रोबेशन किती, सोडायची झाली तर नोटीस किती, बाँड आहे का, म्हणजे ठराविक काळ नोकरी सोडणार नाही असं लिहून घेतायत का. जॉइन व्हायच्या आधी एकदा त्याच वेळेला तिथपर्यंत जाऊन या, म्हणजे किती वेळ लागतो ते कळेल.

पहिल्या आठवड्यात पोराला सगळ्यात जास्त भीती प्रश्न विचारायची असते, वेडा समजतील म्हणून. त्याला एक छोटी वही घ्यायला सांगा. सांगितलेलं काम लिहून घ्यायचं आणि तिथेच परत म्हणून दाखवायचं, "म्हणजे आज पाचपर्यंत ही बिलं एंटर करून तुम्हाला मेल करू ना?" बरोबर असेल तर हो म्हणतील, चूक असेल तर तिथेच दुरुस्त होईल. उशीर होणार असेल तर आधी फोन, नंतर कारण नाही. चूक झाली तर त्याच दिवशी स्वतः जाऊन सांगायचं. ह्या गोष्टी कॉलेजात कुणी शिकवत नाही आणि ऑफिसात सगळे त्या येतात असंच धरून चालतात.

पहिला महिना आठवड्यातून एकदा फोन करा, नंतर पंधरा दिवसांनी. महिना झाल्यावर त्याने साहेबांना स्वतःहून विचारावं, "माझं कुठलं काम ठीक चाललंय आणि कुठे सुधारायला हवं?" पगार वेळेवर होत नसेल, कुणी छळ करत असेल, सुरक्षित वाटत नसेल तर 'वर्षभर तरी काढ' असं अजिबात म्हणू नका, तिथून बाहेर पडायला मदत करा. नुसता कंटाळा आला असेल तर पुढचं हातात आल्याशिवाय सोडू नये.

आणि पहिली नोकरी शिक्षणाच्या मानाने कमी दर्जाची मिळाली म्हणून घरात सुतक धरू नका. कॅनडातल्या पदवीधरांचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. मंदीत बाहेर पडलेल्यांचा पगार सुरुवातीला साधारण 9 टक्के कमी होता आणि तो खड्डा भरायला दहाएक वर्षं लागली, पण ज्यांनी तो लवकर भरून काढला ते चांगल्या पगाराच्या कंपन्यांमध्ये सरकत गेलेले होते. म्हणून वर्ष-दीड वर्षाने पुन्हा एकदा शेजारी बसा, तोच सीव्ही उघडा, आता त्यात नोकरीतल्या खऱ्या ओळी भरा, आणि ह्यावेळी दहा जाहिराती एक पायरी वरच्या कामाच्या काढा.